पश्चात्ताप: गिळलेला ‘त’ आणि पाठीमागची दिशा

प्रश्न असा आलाय: ‘लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासांच्या, काळात मी रोज थोडं आत्मचिंतन लिहून ठेवते. वहीला “चाळीस दिवसांचा पश्चाताप” म्हणू की “प्रायश्चित्त”? अर्थ एकच ना?’

आधी तो ‘त’. पश्चात् + ताप, म्हणून पश्चात्ताप. प्रार्थनेच्या पत्रकांपासून व्याख्यानांच्या फलकांपर्यंत एक ‘त’ सर्रास गिळतात, आणि वर ‘चालतं हो’ म्हणतात. ‘पश्चा’ असंही रूप आहे म्हणून कुणी हुज्जत घालेल. आहे ना, पण पाणिनीने ते ‘छन्दसि’ म्हणून वेदापुरतं राखून ठेवलंय. आपण ऋचा लिहीत नाही आहोत.

‘नंतर होणारा ताप’ हे शाळकरी पोरही सांगेल. खरी गंमत ‘पश्चात्’मध्ये आहे. त्याचा अर्थ ‘मागे’. उगवतीकडे तोंड करून उभे राहा: समोरची ती पूर्व, उजव्या हाताची दक्षिण, पाठीमागची पश्चिम. पाश्चात्त्य हा शब्दही ‘पश्चात्’चाच (तिथलाही ‘त्’ खाऊ नका). आता चौथ्या शतकातल्या जेरुसलेमला चला. लेंटभर तयारी केलेले बाप्तिस्म्याचे उमेदवार आधी पश्चिमेकडे तोंड करत, हात पुढे करून सैतानाला धुडकावत, आणि मग पूर्वेकडे वळून विश्वासाची कबुली देत. जेरुसलेमचे बिशप सिरिल यांच्या नावावरच्या प्रवचनांत हे सगळं आहे. वळल्याबरोबर पश्चिम खरोखर ‘पश्चात्’ झाली की नाही! बायबलच्या मराठी भाषांतरकारांच्या मनात हे नसणार, व्याकरणही माझ्या बाजूने उभं राहणार नाही. तरी पश्चात्ताप म्हणजे पाठीला लागलेली धग, जिच्यामुळे माणूस वळतो, हा माझा अर्थ मी सोडत नाही.

काही विद्वान म्हणतात, बायबलमधला मूळ ग्रीक शब्द ‘मेटानोइया’ म्हणजे मन पालटणं, त्यात दुःख नाही, सबब ‘पश्चात्ताप’ खोडा आणि ‘मनपरिवर्तन’ लिहा. मनपरिवर्तन तर ऐन निवडणुकीत मतदाराचंही होतं! राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, वाचतात तो बायबलमधल्या योएल संदेष्ट्याचा उतारा या मंडळींनी पुन्हा काढावा. देवाकडे वळा म्हणताना तिथे उपास, रडणं, शोक सगळं आलंय. वस्त्रं नव्हे, हृदयं फाडा असंही आलंय. ताप वगळून हे कसं सांगणार? शिवाय ‘मेटा’चा एक अर्थ ‘नंतर’च आहे, तो हे लोक सोयीने विसरतात.

हं, प्रायश्चित्त. ते वेगळं. पश्चात्ताप होतो, प्रायश्चित्त घेतात. ‘पश्चात्ताप करा’ ही आज्ञा बायबलच्या मराठीतली; घरच्या बोलण्यात तो आपसूकच होतो. उपास, दान, मुद्दाम जाऊन मागितलेली माफी हे प्रायश्चित्ताच्या बाजूला. तुमची वही बहुधा पहिल्या जातीची, पश्चात्तापाची आहे. मात्र नावात ‘चाळीस’ ठेवणार असाल तर रविवारी लिहू नका. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या शनिवारपर्यंत दिवस भरतात 46. मधले 6 रविवार वगळले तरच 40.