'ठाव घेणे' आणि 'थांग लागणे' यांत नेमका फरक काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हिंदी कथेच्या अनुवादात तुम्ही "त्याने तिच्या मनाचा थांग घेतला" असं लिहिलंत. संपादकांनी 'थांग' खोडून तिथे 'ठाव' केलं. दोन्हींचा अर्थ 'खोली, तळ, पत्ता' असाच आहे, तर मग खोडायचं कारण काय?

संपादकांचं बरोबर आहे. मी भाषेचा प्राध्यापक नाही, पण या दोन शब्दांमधला फरक मला पुस्तकातून नाही, विहिरीवर कळला. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी नागपूरचा. नोकरीची बरीच वर्षं जिल्ह्यातल्या निरीक्षण विहिरींची पाणीपातळी मोजण्यात गेली. ठरावीक विहिरी, वर्षातून चार फेऱ्या. कठड्यावर रंगाने एक खूण केलेली असते आणि टेप दर वेळी तिथूनच सोडायची. पोलादी टेपच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, ते टोक पाण्यात थोडं बुडेल इतकी टेप सोडायची, खुणेवरचा आकडा वाचायचा. टेप वर ओढली की खडू जिथवर भिजला असेल तेवढी लांबी त्यातून वजा करायची. कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासून पाणी किती खाली आहे ते मिळतं. पुढे पाण्याला टेकलं की वाजणारी यंत्रं आली, पण रीत तीच.

एकदा मे महिन्यात काटोलकडच्या एका संत्र्याच्या बागेत गेलो होतो. झाडांवर आंबिया बहाराची फळं होती आणि त्या दिवसांत बागेचं पाणी तोडून चालत नाही. मी पातळी काढली: जमिनीपासून ७.०५ मीटर. रजिस्टरमध्ये विहिरीची खोली १२ मीटर नोंदलेली, म्हणजे पाच मीटरच्या आसपास पाणी शिल्लक. मी तसं सांगितलं. विहिरीचा म्हातारा मालक शांतपणे म्हणाला, "सायेब, पाणी त मोजलं तुमी. हिरीचा ठाव कोनी घेतला?"

मग त्यांनीच एक लोखंडी तुकडा दोरीला बांधून आत सोडला. दोरी बराच वेळ ताणलेली होती, मग हातातच सैल पडली. तिथे खूण करून दोरी वर काढली तर तुकड्याला काळा, चिकट गाळ. मी दोरी टेपला लावून बघितली. तळ जमिनीपासून ९.७० मीटरवर होता. खालचे सव्वादोन मीटरहून थोडे जास्तच गाळाने भरलेले. कागदावर पाच मीटर पाणी होतं, विहिरीत पावणेतीन मीटरही नव्हतं.

त्या दिवशी मला 'ठाव' हा शब्द खऱ्या अर्थाने समजला. मी जे करत होतो ते मोजणं होतं: वरून पाण्यापर्यंत, आकड्यात. त्यांनी केलं ते ठाव घेणं: खाली जाऊन काहीतरी टेकेपर्यंत थांबायचं नाही. ठाव म्हणजे मुळात जागाच. 'ठाणे' ज्या कुळातला त्याच कुळातला हा शब्द, आणि कुळाचं मूळ संस्कृतातल्या 'स्था' या धातूत, म्हणजे उभं राहणं, थांबणं. देवाच्या पायी ठाव मागतात तोही हाच. नदीत उतरलेल्या माणसाचे पाय जिथे टेकतात तो ठाव. ठाव लागला की माणूस उभा राहू शकतो.

ठाव घेण्यात आकडा येईलच असं नाही, हेही लक्षात घ्या. त्या दोरीवर खुणा नव्हत्या, आकडा मी नंतर काढला. पूर्वी विहिरीची खोली पुरुषांत सांगत, खेड्यात त्याचंच परस झालं: हात वर करून उभा राहिलेला माणूस म्हणजे एक पुरुष. ते मोजमाप झालं. ठाव त्याच्या आधीची गोष्ट. आणि ठाव घेताना तळाची काहीतरी खबर वर येते, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. आमच्या लोखंडी तुकड्याला गाळ लागून आला. जुने दर्यावर्दी समुद्राची खोली बघायला शिशाचं वजन सोडत, तेव्हा त्याच्या बुडाला मुद्दाम चरबी भरत, म्हणजे तळाची वाळू नाहीतर चिखल चिकटून वर येई आणि जहाज कुठे आहे याचा अंदाज बांधता येई. आपण मनाचा ठाव घेतला म्हणतो तेव्हा नुसतं मन किती खोल ते कळलेलं नसतं, त्याच्या तळाशी काय आहे तेही थोडं हाताला लागलेलं असतं.

आता थांग. याला वाक्यात कसा वापरतो ते तुम्हीच आठवून बघा. थांग लागत नाही. थांग लागेना. थांगपत्ता नाही. थांगपत्ता लागू दिला नाही. अथांग. दहापैकी नऊ वेळा हा शब्द नकारासोबत येतो. 'अथांग' हा शब्द आपण सहज वापरतो, 'अठाव' मात्र कुणी म्हणत नाही. उलट 'ठाऊक' आणि 'ठावे' हे कळल्याचे शब्द ठावाच्या बाजूचे आहेत. जे कळलं त्याला जागा मिळाली. थांगाच्या पदरात असा शब्द नाही.

दुसरं म्हणजे क्रियापद. ठाव 'घेतात', आणि घेणारा कुणीतरी असतो: माणूस, काठी, दोरी, डोळे, एखादं गाणंसुद्धा. 'हृदयाचा ठाव घेणारं गाणं' म्हणतो, तिथे थांग बसवून बघा, कानाला लगेच खटकेल. थांग मात्र 'लागतो', आणि बहुतेक वेळा लागत नाही. 'मला थांग लागत नाही' या वाक्यात मी काही करत नाही, कळणं माझ्याकडे येतं किंवा येत नाही. 'थांग लावला' असं कुणी कुणी लिहितात, पण तिथे सहसा 'छडा लावला' किंवा 'माग काढला' म्हणायचं असतं.

तुम्ही म्हणाल, 'ठाव लागत नाही' असंही म्हणतातच की. म्हणतात, आणि इथे दोन्ही शब्द खरोखर जवळ येतात. तरी माझ्या कानाला फरक जाणवतो. 'विहिरीचा ठाव लागत नाही' म्हणणाऱ्याच्या हातात अजून दोरी आहे. तळ आहे हे तो धरून चालतो, फक्त दोरी पुरत नाही, आणखी वाव दोन वाव जोडली तर टेकेल. 'थांग लागत नाही' म्हणणाऱ्याने दोरी गुंडाळून बाजूला ठेवलेली असते. म्हणूनच समुद्राला अथांग म्हणतो. मरियाना गर्तेत त्याची सगळ्यात खोल जागा सुमारे ११ किलोमीटरवर आहे हे माहीत झालं, तरी किनाऱ्यावर उभं राहिल्यावर तो अथांगच वाटतो. तो शब्द समुद्राच्या खोलीबद्दल कमी आणि बघणाऱ्याबद्दल जास्त सांगतो.

दोन्ही शब्द एकाच प्रसंगात कसे वेगळे पडतात याचं उदाहरण देतो. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत प्रचंड पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. माझा भाचा त्या भागात राहतो. उजाडल्यावर तो समोरच्या म्हाताऱ्या काकूंना आणायला बाहेर पडला. रस्ता दिसत नव्हता, पाणी मातकट. पोछ्याचा दांडा पुढे टेकवत, ठाव घेत घेत, तो एकेक पाऊल टाकत गेला. एका जागी दांडा सरळ खाली गेला, हातभर, दोन हात, तरी टेकेना. चेंबरचं झाकण वाहून गेलेलं होतं. तो तिथून वळसा घालून गेला आणि काकूंना पाठीवर घेऊन आला. त्याची स्कूटी मात्र वाहून गेली. दोन दिवस तिचा थांगपत्ता नव्हता. तिसऱ्या दिवशी कुणीतरी फोन करून तिचा ठावठिकाणा कळवला: एका पडक्या भिंतीला अडकली होती.

बघा, स्कूटी सापडत नव्हती तेव्हा थांगपत्ता, सापडली तेव्हा ठावठिकाणा. हे मी ठरवून लिहिलेलं नाही, भाच्याने सांगितलं तेच शब्द आहेत.

या प्रसंगात तिसरंही क्रियापद दडलंय, चाचपणे. भाचा दांड्याने आधी आजूबाजूला चाचपत होता: इथे दुभाजक आहे का, तिथे गाडी आहे का. चाचपण्यात हात चहूकडे फिरतो, ठाव घेण्यात तो फक्त खाली जातो. उमेदवारीची चाचपणी होते ती म्हणूनच, कोण काय म्हणतं ते आजूबाजूला बघायचं. ठाव एका माणसाचाच घ्यावा लागतो.

आता तुमचं वाक्य का चुकलं, त्याचं कारण मला आपल्या नागपुरातच दिसतं. इथे आपण सकाळी दूधवाल्याशी हिंदीत बोलतो आणि घरात मराठीत. हिंदीला एकच शब्द पुरतो, थाह. 'थाह ली', 'थाह नहीं मिली', 'अथाह', सगळं त्याच एका शब्दावर. उच्चाराने त्याच्या जवळचा मराठी शब्द थांग, म्हणून 'थाह ली' चं 'थांग घेतला' व्हायला वेळ लागत नाही. माझ्याही तोंडून झालेलं आहे. मराठीने मात्र त्या एका कामाचे दोन वाटे केलेत आणि अनुवाद करताना कुठला वाटा कुणाचा हे मूळ वाक्यातल्या क्रियेवरून ठरवावं लागतं. कुणी मुद्दाम थाह घेत असेल तर 'ठाव घेतला'. थाह मिळाली नाही असं असेल तर बहुतेक ठिकाणी 'थांग लागला नाही'. पण थाह न मिळूनही तो माणूस अजून प्रयत्न करत असेल, तर 'ठाव लागत नव्हता' हेच ठेवा, नाहीतर त्याचे प्रयत्न वाक्यातून पुसले जातील.

तुम्ही प्रश्नासोबत आणखी एक वाक्य दिलंय: "आई गेल्यानंतर बाबांच्या शांततेचा थांग लागत नव्हता." ते संपादकांनी तसंच ठेवलं, याचंही तुम्हाला आश्चर्य वाटलं. तिथे मुलगी दारात नुसती उभी आहे, काही विचारत नाही, आत पाऊल टाकत नाही. तिच्या हातात दोरीच नाही. ते वाक्य अजिबात बदलू नका.