कॉटेजला कुलूप लागलं, पण कामं कुठं संपलीत!

ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या वीकेंडला कॉटेज (सुट्टीतलं घर) बंद करून आलेली मंडळी दिवाळी, ख्रिसमस वगैरे उरकेपर्यंत गप्प असतात आणि जानेवारी उजाडला रे उजाडला की प्रश्नांचा ढीग येतो. यावेळी मिसिसागा, ब्रॅम्प्टन, वॉटर्लू, ऑटवा सगळीकडून पत्रं आहेत, आणि जवळपास सगळी ऑंटॅरिओतल्या कावार्था नाहीतर हॅलिबर्टन भागातल्या थ्री-सीझन, म्हणजे हिवाळा सोडून राहायच्या, कॉटेजवाल्यांची. आमचं कॉटेज हॅलिबर्टनकडे, त्यामुळे मी सांगते ते तिकडच्या हिशोबानं. शेजारच्या मस्कोकावाल्यांना थंडी तीच, खर्च तेवढा जास्त.

प्रश्न (मिसिसागा): ताई, उन्हाळ्यात कॉटेज घेतलं, हा आमचा पहिलाच हिवाळा. नवरा म्हणतो बेसबोर्ड हीटर (भिंतीच्या तळाशी असतो तो विजेचा) ५ डिग्रीवर ठेवला की झालं, पाणी काढायची गरज नाही. मी म्हणत होते पाणी काढून टाकू. शेवटी त्याचंच खरं झालं आणि हीटर चालू ठेवून आलोय. आता मला रात्री झोप लागत नाही. काय करू?

उत्तर: तुमचं बरोबर आहे, पण हे त्यांना वाचून दाखवू नका. हीटर बिघडत नाही हो, हायड्रो म्हणजे वीज जाते. तिकडे फ्रीझिंग रेन (पडताच गोठणारा पाऊस) झाला, एखादं झाड तारेवर पडलं की अख्ख्या रस्त्याची वीज जाते आणि कॉटेज रिकामं असल्यामुळे तुम्हाला कळतसुद्धा नाही, आणि बाहेर उणे २५ असेल तर पातळ भिंतींचं घर एका रात्रीत गार पडतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, पाइप तिथेच फुटतो, पण गळत काहीच नाही कारण आत बर्फ असतो. खरी गंमत वीज परत आल्यावर. घर गरम होतं, बर्फ वितळतो आणि पंप बिचारा इमानदारीत लेकचं पाणी तुमच्या किचनमध्ये ओतत बसतो, कोणीतरी येऊन बंद करेपर्यंत.

म्हणून आता पहिला मोकळा, स्वच्छ हवेचा दिवस बघा आणि दोघं जाऊन या. तुमचा रस्ता सीझनल असेल तर प्लाऊ होत नाही, म्हणजे बर्फ काढत नाहीत, हे धरून चला, स्नोशू आणि टोबॉगन (बर्फावरची घसरगाडी) घ्या, सामान ओढत न्यावं लागेल. आणि मेन रोडच्या कडेला रात्रभर गाडी लावू नका, प्लाऊ रात्रीच फिरतो आणि तिकीटही मिळतं. पोचल्यावर आधी पंपाचा आणि गरम पाण्याच्या टाकीचा ब्रेकर बंद करा. टाकीचा ब्रेकर विसरून टाकी रिकामी केली तर आतलं एलिमेंट कोरडं तापून जळतं, हे फार जणांचं होतं. मग टाकीचं पाणी होजनं बाहेर, सगळे नळ उघडे, सगळ्यात खालचा नळ शोधून तोही उघडा, टॉयलेट फ्लश करून उरलेलं पाणी स्पंजनं काढा, पंपाचा ड्रेन प्लग काढा. छोटा एअर कॉम्प्रेसर मिळाला तर लाइन्समधून हवा मारा, कारण पाइपला जिथे जिथे झोल आहे तिथे पाणी बसून राहतं. शेवटी प्रत्येक सिंक, शॉवर आणि टॉयलेटच्या ट्रॅपमध्ये (खालच्या वाकड्या पाइपात) ते गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ, पाणी गोठू न देणारं द्रव, ओता. गुलाबीच, प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं. गाडीचं हिरवं अजिबात नको, ते विषारी असतं आणि शेवटी तुमच्याच सेप्टिकमधून (सांडपाण्याच्या टाकीतून) तुमच्याच लेककडे जातं. डिशवॉशर आणि वॉशिंग मशीनमध्येही पाणी उरतं, त्यांच्यातही थोडं गुलाबी घाला.

लेकमधून येणाऱ्या लाइनला हीट केबल (पाइप गरम ठेवणारी वायर) असेल तर ती तेवढी चालू राहू द्या. आणि परत आलात की इन्शुरन्स पॉलिसी काढून वाचा, बऱ्याच पॉलिसींमध्ये अट असते की एकतर पाणी काढलेलं हवं नाहीतर कोणीतरी ठरावीक दिवसांनी जाऊन बघायला हवं. नवऱ्याला पटवायला माझ्यापेक्षा ते पान जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न (ब्रॅम्प्टन): सासू-सासरे नागपूरहून आलेत, फेब्रुवारीत फॅमिली डेच्या सुट्टीच्या वीकेंडला कॉटेजवर जायचं म्हणतायत. बाबांना गोठलेल्या तळ्यावर चालायचंय आणि बर्फात भोक पाडून मासे पकडायचेत, यूट्यूबवर बघितलंय. नेऊ का?

उत्तर: न्या की! नागपूरचा माणूस, ४५ डिग्रीत आयुष्य काढलंय, आता जरा दुसरं टोकही बघू दे. फक्त दोन गोष्टींचा विचार आधी करा.

पहिली म्हणजे बाथरूम. पाणी काढलंय ना? मग टॉयलेट नाही, आणि उणे १५ मध्ये सत्तरीच्या माणसांना आउटहाउसमध्ये पाठवायचं हे काही मला पटत नाही. त्यापेक्षा जवळच्या गावात एखादं हिवाळ्यात चालू असणारं मोटेल किंवा लॉज घ्या, दिवसा कॉटेजवर लाकडाचा स्टोव्ह पेटवा, थर्मासमध्ये चहा, डब्यात तिखट-मीठाच्या पुऱ्या, आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडायच्या आत परत. स्टोव्ह बरेच महिने पेटवला नसेल तर आधी चिमणी बघून घ्या, आणि सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्मची बॅटरी बदला, रिकाम्या घरात ती थंडीनं मेलेली असते.

दुसरी गोष्ट बर्फ. कॅनेडियन रेड क्रॉसचा आकडा असा आहे की एकट्यानं चालायला किंवा स्केटिंगला १५ सेंटीमीटर, चारचौघांना मिळून स्केटिंग करायला २०, स्नोमोबिलला २५. हे सगळं स्वच्छ, निळसर बर्फासाठी. पांढरा, दुधाळ दिसतो तो स्नो भिजून गोठलेला असतो, त्याची ताकद निम्मी धरायची. करडा दिसला तर त्यात पाणी आहे, तिकडे पाय टाकायचाच नाही. आणि बघून अंदाज करू नका, ऑगरनं (बर्फाच्या गिरमिटानं) भोक पाडून टेप घाला, पुढे गेलात की परत मोजा.

आता हॅलिबर्टनवाल्यांसाठी खास. आपल्याकडची बरीच तळी म्हणजे ट्रेंट-सेव्हर्न वॉटरवेची पाण्याची टाकी आहे. तो ३८६ किलोमीटरचा जलमार्ग भरलेला ठेवायला वरच्या तळ्यांतलं पाणी धरणांतून सोडतात आणि थंडीत पातळी उतरते. म्हणजे वरती बर्फ तसाच आणि काठाजवळ खाली पोकळी, असं होऊ शकतं. पाऊल टाकलं की कडकन आवाज येतो आणि बर्फ खचतो, पाणी घोट्याएवढंच असेल पण पाय मुरगळायचा तो मुरगळतोच. त्यामुळे काठावरून उतरतानाच जास्त जपायचं. दोन तळी जोडणारी चिंचोळी जागा, ओढ्याचं तोंड, धरणाजवळचा भाग हे तर पूर्ण वर्ज्य. आणि ज्या शेजाऱ्यानं डॉक (बोट लावायचा धक्का) वाचवायला बबलर (बुडबुडे सोडून पाणी गोठू न देणारं यंत्र) लावलाय त्याच्या किनाऱ्यापासून लांब, तिथे पाणी मुद्दाम उघडं ठेवलेलं असतं. (बर्फात असं उघडं पाणी करणाऱ्यानं तिथे कुंपण किंवा खुणा लावायलाच हव्यात, क्रिमिनल कोडमध्ये तसं कलमच आहे, तरी लोक लावत नाहीत.)

मासेमारीचं म्हणाल तर फॅमिली डेच्या वीकेंडला ऑंटॅरिओत लायसन्सशिवाय मासे पकडता येतात, पण ती सवलत कॅनडात राहणाऱ्यांना. बाबा पाहुणे आहेत, त्यांच्यासाठी नॉन-रेसिडेंट लायसन्स काढा, ऑनलाइन होतं. बुटांना आइस क्लीट्स (घसरू नये म्हणून लावायचे खिळे) दोघांनाही हवेतच, आईंनी "मला नको गं" म्हटलं तरी.

प्रश्न (वॉटर्लू): उंदीर!!! दर मे महिन्यात गादीत घर केलेलं असतं. कंटाळा आलाय.

उत्तर: पेन्सिल शिरेल एवढ्या फटीतून ते येतात. स्टील वूल कोंबा आणि वरून कॉक (फटी बुजवायची पेस्ट) मारा, नुसता फोम ते कुरतडतात. खायचं काहीही ठेवू नका, पोहे, शेंगदाणे, गूळ तर नाहीच, पण साबण आणि मेणबत्त्यासुद्धा खातात. उशा-पांघरुणं झाकणाच्या प्लॅस्टिक टबमध्ये, गाद्या भिंतीपासून लांब उभ्या करून.

साफ करतानाचं मात्र नीट वाचा. लेंड्या झाडूनं झाडायच्या नाहीत, व्हॅक्यूमही नाही. डीअर माउस जातीच्या उंदरांच्या लेंड्यांतून, लघवीतून हँटाव्हायरस येऊ शकतो आणि तो धुळीबरोबर नाकात जातो. अर्धा तास खिडक्या उघडून बाहेर थांबा, मग ग्लव्ह्ज घालून ब्लीचच्या पाण्यानं सगळं भिजवा, पाच-दहा मिनिटं जाऊ द्या, पेपर टॉवेलनं उचला. असं होणं फार दुर्मिळ आहे, पण झालं तर आजार वाईट आहे.

प्रश्न (स्कारबरो): आमचं आणि दिरांचं मिळून कॉटेज आहे. दरवर्षी जुलैत कोणी कधी जायचं यावरून कुरबुर होते. जाऊबाईंच्या माहेरची माणसं न सांगता येऊन राहतात, आम्ही गेलो की फ्रिजमध्ये अर्ध्या बाटल्या आणि प्रोपेन संपलेला. बोलावं तरी वाईट, न बोलावं तरी वाईट.

उत्तर: जुलैत बोललात तर भांडण होणार, घामात आणि डासांत कोणाचंही डोकं फिरतं. जानेवारीत बोला. एखाद्या रविवारी त्यांना जेवायला बोलवा, जेवणानंतर टेबलावर कॅलेंडर ठेवा, आणि जाऊबाईंना शेजारी बसवा, समोर नको.

आधी चार लाँग वीकेंड वाटा: व्हिक्टोरिया डे, कॅनडा डे, ऑगस्टचा सिव्हिक हॉलिडे आणि लेबर डे. दोन त्यांचे, दोन तुमचे, पुढच्या वर्षी अदलाबदल. हे करताना कालनिर्णय पण शेजारी ठेवा, कारण गणपती दरवर्षी घोळ घालतात. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला बसले, म्हणजे लेबर डेचा वीकेंड आरत्या आणि मोदकांत गेला, कॉटेज कोणाच्याच कामाचं नव्हतं. २०२६ मध्ये १४ सप्टेंबर, म्हणजे लेबर डे मोकळा. ज्यांच्या घरी गणपती बसतो त्यांच्या वाट्याला चुकून तोच वीकेंड आला तर तो वाया गेला, असं करू नका.

पैशांचं असं की टॅक्स, इन्शुरन्स, रोड असोसिएशनची वर्गणी, हायड्रोचं फिक्स बिल हे निम्मं-निम्मं, कोणी किती राहिलं ते बघायचंच नाही. प्रोपेन, लाकूड, बोटीचं पेट्रोल हे वापरेल त्यानं भरून ठेवायचं. पाहुणे कोणाचेही असोत, ज्याचा वीकेंड त्याचे, आणि दुसऱ्याच्या वीकेंडला कोणी येणार असेल तर आधी फोन. उघडायच्या आणि बंद करायच्या वीकेंडला मात्र दोन्ही घरं हजर, मुलांसकट, कारणं चालणार नाहीत. माझ्या मते अर्धी कुरबुर इथूनच सुरू होते, एकजण डॉक ओढतो आणि दुसरा थेट बर्गर खायला येतो.

जाता जाता एक. डॉक नवा केला, छप्पर बदललं, अशा मोठ्या कामांची बिलं जपून ठेवा. १९८२ पासून नवरा-बायको मिळून एका वर्षाला एकाच घरावर कॅपिटल गेन्सची (घर विकून झालेल्या नफ्यावरच्या टॅक्सची) सूट घेता येते, म्हणजे शहरातलं घर की कॉटेज हा प्रश्न विकताना येणारच, तेव्हा ही बिलं कामाला येतात. तपशील अकाउंटंटला विचारा, दिरांना नको.

प्रश्न (ऑटवा): मुलगा १३ वर्षांचा आहे, हिवाळाभर फोनमध्ये. उन्हाळ्यात मात्र बोट चालवायचीच म्हणतो. काय करावं?

उत्तर: त्याच फोनवर बोटीचा कोर्स करू द्या. मोटर असलेली कुठलीही बोट चालवायला ऑपरेटर कार्ड लागतं, अभ्यास आणि परीक्षा ऑनलाइन होते, कार्ड जन्मभराचं. सोबत मोठं माणूस नसेल तर १२ ते १५ वर्षांच्या मुलांना ४० हॉर्सपॉवरपर्यंतच परवानगी आहे, आणि जेटस्की १६ च्या आधी नाहीच, तो लाडीगोडी लावेल तरी नाही. तुमच्याकडे कार्ड आहे का? नसेल तर दोघं मिळून करा, बघू आधी कोण पास होतंय.

प्रश्न (ओकव्हिल): सेप्टिक उपसायचंय, डॉकसाठी लाकूड मागवायचंय आणि जळाऊ लाकूडपण. हे सगळं एप्रिलमध्ये जमेल ना?

उत्तर: नाही जमणार. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळताना रस्ते खालून मऊ पडतात म्हणून हाफ-लोडचे (कमी वजनच न्यायचे) बोर्ड लागतात, जड ट्रक पूर्ण वजन घेऊन येऊच शकत नाही. सेप्टिकचा ट्रक आणि लंबरयार्डवाला दोघांनाही आत्ता फोन करून मेमधली तारीख घ्या, मार्चमध्ये फोन केलात तर जुलै मिळेल. तोपर्यंत मुलांना सांगा की सेप्टिकच्या बेडवरून (सांडपाणी जिरतं त्या जमिनीवरून) स्नोमोबिल न्यायची नाही, वरचा भुसभुशीत स्नो म्हणजे त्याची गोधडी, तो दाबला गेला की थंडी खोल उतरते आणि पाइप गोठतात.

जळाऊ लाकूड शहरातून भरून नेऊ नका, त्यातून किडे पसरतात, ॲश बोररनं ॲशची झाडं कशी साफ केली ते रस्त्याकडेला दिसतंच. तिथल्याच माणसाकडून घ्या, आणि वर्षभर वाळलेलं आहे का ते विचारा, टोकांना तडे गेलेले असले आणि दोन तुकडे आपटल्यावर टणटण वाजले तर वाळलंय. भाव ठरवताना बुश कॉर्ड की फेस कॉर्ड ते स्पष्ट विचारा. बुश कॉर्ड म्हणजे ४ बाय ४ बाय ८ फूट, १२८ घनफूट, आणि फेस कॉर्ड त्याच्या साधारण एक तृतीयांश, पण जाहिरातीत दोघांनाही नुसतं कॉर्ड लिहितात. ट्रकमधून ढीग ओतला की तो नेहमी भरपूरच वाटतो, म्हणून रचून झाल्यावर टेप लावून मोजा आणि मगच पैसे द्या.