वाचकांचे प्रश्न : जिनिव्हाचा जेम्स फाझी

प्रश्न : जेम्स फाझीने काढलेलं वर्तमानपत्रच पुढे त्याच्यावर उलटलं म्हणतात. ते कसं? (सांगली)

उत्तर : जानेवारी 1826 मध्ये 'झुर्नाल द जनेव्ह' निघालं, त्याच्या संस्थापकांपैकी जिनिव्हाचा राजकारणी आणि पत्रकार फाझी (1794–1878) एक. पण पुढे तो पॅरिसला गेला. 1830 च्या जुलै क्रांतीत तिथेच पत्रकारिता करत होता. इकडे पत्र मवाळ, सुखवस्तू उदारमतवाद्यांकडे गेलं. फाझी जहाल गटाचा. शेवटी 1842 मध्ये त्याला 'रव्ह्यू द जनेव्ह' हे दुसरं पत्र काढावं लागलं. 'झुर्नाल' मात्र 1998 पर्यंत चाललं.

प्रश्न : 1846 चा उठाव धर्मावरून झाला का? (नाशिक)

उत्तर : धर्म होताच, पण ठिणगी पडली ती मतांच्या हिशेबावरून. सात कॅथलिक कँटनांनी, म्हणजे स्विस संघातल्या घटक राज्यांनी, 'सोंडरबुंड' ही वेगळी युती केली होती. ती मोडायला स्विस संघसभेत 22 पैकी 12 मतं हवी होती आणि जिनिव्हाच्या प्रतिनिधीसभेने 3 ऑक्टोबरला ती मोडण्याविरुद्ध कौल दिला. ऱ्होन नदीपलीकडच्या सँ-झेर्वे या कारागिरांच्या वस्तीने अडथळे रचले. 7 तारखेला सरकारने तोफा डागल्या, पण वस्ती काही हाती आली नाही आणि सरकारलाच पायउतार व्हावं लागलं. फाझीचा जहाल गट सत्तेवर आला आणि जिनिव्हाचं मत फिरलं. मे 1847 मध्ये सेंट गालेनही वळलं आणि बारा मतं भरली. नोव्हेंबरात युद्ध झालं, ते महिनाभरही टिकलं नाही. सेनापती द्युफूर, तोही जिनिव्हाचाच.

प्रश्न : इतका लोकप्रिय नेता पडला कसा? (पुणे)

उत्तर : त्यानेच आणलेल्या पद्धतीने. 1847 च्या घटनेनुसार सरकारचे सातही सदस्य थेट मतदार निवडू लागले. तटबंदी पाडून शहराबाहेर जागा मोकळी झाली. कॅथलिक चर्च, सिनेगॉग यांनाही तिथे जमीन मिळाली. हे काम त्याचं सर्वांत टिकाऊ. पण विरोधकांची एकजूट झाली आणि 1861 मध्ये तो हरला. ऑगस्ट 1864 मध्ये पुन्हा हरला, तेव्हा 22 तारखेला त्याच्याच बाजूच्या निवडणूक मंडळाने निकाल रद्द केला. सगळ्या कँटनचं मतदान एकाच इमारतीत व्हायचं, त्यामुळे दोन्ही गट समोरासमोर. लोक त्या इमारतीला 'चपराकींची पेटी' म्हणत, ते उगाच नव्हे. त्या दिवशी मात्र चपराकींवर भागलं नाही. सँ-झेर्वेत गोळीबार होऊन माणसं मेली, संघराज्याला फौज धाडावी लागली. त्याच दिवशी, त्याच शहरात जखमी सैनिकांसाठीचा पहिला जिनिव्हा करार झाला!

प्रश्न : फाझी घराण्याचा हिंदुस्थानशी काही संबंध? (बेळगाव)

उत्तर : कापडापुरता. घराण्याचा धंदा सुती कापड छापण्याचा. त्या मालाला फ्रेंचमध्ये 'अँदियेन', म्हणजे 'हिंदुस्थानी', म्हणत. आपल्या छिटांची ती युरोपीय नक्कल.