मशीनवाल्याचा दहा दिवसांचा कोर्स आणि पलूसची दोन एकर

नमस्कार अण्णा,

तुम्ही नाव लिहिलं नाही, पण मुलगा अण्णा म्हणतो असं पत्रात आलंय म्हणून मी पण अण्णाच म्हणते. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगते. अण्णा पलूस तालुक्यातले, द्राक्ष आणि ऊस, गळ्यात माळ, घरात वारी. मुलगा 24 वर्षांचा, सांगलीतून बीएस्सी मायक्रो केलं, सध्या एका डेअरीच्या लॅबमध्ये क्यूसीला, म्हणजे माल तपासायला आहे. पुण्याच्या एका एक्स्पोत त्याला मशीनवाला भेटला. तो म्हणतो 500 लिटरची ब्रुअरी, म्हणजे बिअर बनवायचा छोटा कारखाना, टाकून देतो, दहा दिवसांचं ट्रेनिंग फ्री, रेसिपी आमच्या, लायसन्सचं पण आम्ही बघू, वर्षभर सपोर्ट, फक्त महिनाअखेर टोकन द्या. मुलाचं म्हणणं द्राक्षाची दोन एकर तारण ठेवू आणि स्टेट हायवेला लागून आपलं जे रान आहे तिथंच टाकू. अण्णा विचारतात हे करिअर आहे का नाद आहे, मशीन आधी का कोर्स आधी, आणि पाव्हण्यारावळ्यांना काय सांगायचं.

करिअर आहे अण्णा, त्यात शंका नको. पण बिअर बनवणारा होणं आणि ब्रुअरीचा मालक होणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि तुमच्या मुलाला अजून पहिलं पण येत नाही. दोन एकराला हात लावू नका. पोराला आधी दोन वर्षं दुसऱ्याच्या ब्रुअरीत टाक्या धुवायला पाठवा.

टाक्या धुवायला हे मी चेष्टेनं म्हणत नाही, कामच ते आहे. सातूचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले दाणे, दळायचा, साधारण 65 अंशाच्या पाण्यात तासभर धरायचा, दाण्यातल्या स्टार्चची साखर होते, ते पाणी गाळून तासभर उकळायचं, त्यात हॉप्स ही कडवट फुलं टाकायची, मग पटकन गार करून यीस्ट सोडायचं. हे सगळं एका दिवसात उरकतं आणि व्हिडिओत तेवढंच दाखवतात. पुढचे दिवस यीस्ट काम करतं आणि माणूस धुतो. टाक्या, पाईप, पंप, केग म्हणजे बिअर भरायची पिंपं, सगळं कॉस्टिकनं, मग ॲसिडनं, मग सॅनिटायझरनं, कारण उकळल्यानंतर आत काही शिरलं तर पुढं ते मारायला दुसरी उकळी नाही, आख्खा घाणा गटारात. बरं आंबताना जो कार्बन डायऑक्साइड निघतो तो हवेपेक्षा जड, टाकीच्या तळाला बसून राहतो, आणि जरा वाकून बघतो म्हणणारा माणूस जागेवर पडतो. हे दहा दिवसांत अंगवळणी पडत नाही.

आता तुमच्या मुलाची जमेची बाजू सांगते, जी त्याला स्वतःला दिसलेली नाही असं पत्रावरून वाटतं. डेअरीत जी सीआयपी चालते, म्हणजे लाईन न खोलता आतून कॉस्टिक-ॲसिड फिरवून धुणं, तीच ब्रुअरीत चालते. प्लेटिंग (नमुन्यातले जंतू वाढवून मोजणं), पीएच, सॅम्पलिंग हे त्याला रोजचं आहे. पुण्यातल्या एखाद्या ब्रुअरीत हॉटेल मॅनेजमेंटवाला आणि हा शेजारी बसले तर हेड ब्रुअर याला आधी विचारेल, मी तर याच्यावरच पैज लावीन. तेव्हा त्याला सांगा की लॅबमधून उठून तीन-चार महिने प्लँटमध्ये शिफ्ट मागून घे, पंप खोल, गॅस्केट बदल, चिलर का ट्रिप होतो ते बघ. हे ट्रेनिंग फुकट आहे आणि वर पगार मिळतो.

आणि एक, घरी डब्यात करून बघतो म्हणाला तर करू देऊ नका. आपल्या राज्यात विनापरवाना दारू बनवणं हा दारूबंदी कायद्याच्या कलम 65 खाली गुन्हा आहे, त्यात बिअर पण आली. परदेशात लोक घराच्या गॅरेजमध्ये शिकतात, आपल्याकडे शिकायची जागा म्हणजे परवानाधारक ब्रुअरी किंवा इन्स्टिट्यूट, तिसरी नाही. पुढं लायसन्स मागायला जायचंय आणि नावावर केस, असला घोळ कशाला.

इन्स्टिट्यूटचं म्हणाल तर परदेशातल्या कोर्सच्या आधी मांजरीला जा. पुण्याजवळ मांजरी बुद्रुकला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आपल्या दादांच्याच नावाची, 1975 ची. लोकांना वाटतं तिथं फक्त साखर, पण अल्कोहोल टेक्नॉलॉजीचा विभाग आहे आणि वाईन, ब्रूइंग आणि अल्कोहोल टेक्नॉलॉजी अशी एमएस्सी पण आहे. मायक्रोच्या पोराला अगदी मापाची. यंदाची पात्रता आणि फी तिथंच जाऊन विचारा. मला हा रस्ता आवडतो त्याचं खरं कारण वेगळं आहे, उद्या बिअरचं जमलं नाही तरी आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आहेत, पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल घालायला लागल्यापासून त्यांना फर्मेंटेशन कळणारी माणसं लागतातच, पोरगं घराजवळ नोकरीला लागेल.

नोकरी करता करता द्यायची असेल तर लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ ब्रूइंग अँड डिस्टिलिंगची परीक्षा आहे, आधी सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, शेवटी मास्टर ब्रुअर. बर्लिनच्या व्हीएलबी या ब्रूइंग संस्थेचा सर्टिफाइड ब्रूमास्टर कोर्स सहा महिन्यांचा आणि इंग्रजीत आहे, जगभर नाव आहे, पण राहण्याखाण्यासकट तो बऱ्याच लाखांत जातो, तेव्हा तो नोकरी लागल्यावर, जमलं तर कंपनीच्या खर्चानं. मुलाने तुम्हाला इंग्लंडचे व्हिडिओ दाखवले म्हणता, तिकडं सन्डरलँडला ब्रूलॅब म्हणून आहे, छोटी ब्रुअरी काढणाऱ्यांसाठी छोटे कोर्स घेतात आणि नंतर यीस्ट, सॅम्पल टेस्टिंग वगैरे पुरवतात. चांगलं आहे ते. पण तिकडं छोट्या ब्रुअऱ्या इतक्या उगवल्या त्यामागं 2002 मध्ये सरकारनं दिलेली सवलत आहे, वर्षाला 5,000 हेक्टोलिटर, म्हणजे पाच लाख लिटरपर्यंत बनवणाऱ्याला ड्यूटी निम्मी, 2023 ला त्याची रचना बदलली एवढंच. त्या व्हिडिओतला नफ्याचा हिशोब पलूसच्या वहीत उतरवून घेऊ नका.

आता मशीनवाल्याचा सपोर्ट. ड्रिपवाला रान बघून नळ्या अंथरून जातो आणि पहिल्या छाटणीनंतर फोन उचलत नाही, तसला सपोर्ट आहे का दुसरा, हे आधी काढा. त्याला म्हणावं तीन वर्षांपूर्वी बसवलेल्या ब्रुअऱ्यांची नावं दे, आम्ही स्वतः जाऊन बघू, तू सोबत नको. पंपाचं सील गेलं तर पार्ट भारतात मिळतो का बाहेरून येतो, चिलरची एएमसी, म्हणजे वर्षभराच्या देखभालीचा करार, कोण घेणार, शेवटचा हप्ता द्यायच्या आधी आमचा मुलगा स्वतःच्या हातानं घाणा काढून दाखवेल हे लिहून देतोस का. रेसिपी त्याच्या असतील तर पाच गावांत एकच बिअर, आणि तो गेला की रेसिपीची दुरुस्ती कोण करणार, पाणी बदललं की चव बदलते. अजून एक गोष्ट हे लोक मुद्दाम बोलत नाहीत. 500 लिटर हा उकळायच्या भांड्याचा आकडा आहे, धंदा ठरतो आंबवायच्या टाक्या किती त्यावर. एल किंवा गव्हाची बिअर 18-20 अंशाला असते आणि टाकी लवकर सोडते, लागर 10-12 अंशाला आंबते आणि मग अजून गार ठेवून कित्येक आठवडे टाकी अडवून बसते. कोटेशनमध्ये टाक्या किती लिहिल्यात ते मला कळवा.

आणि "लायसन्सचं आम्ही बघू" या वाक्यावर एक रुपया देऊ नका. लायसन्स राज्य उत्पादन शुल्क देतं, मशीनवाला नाही. सांगलीत अधीक्षक कार्यालय आहे, स्वतः जा, लेखी विचारा. हायवेलगतच्या रानाचं तर आधी विचारा, कारण सुप्रीम कोर्टानं डिसेंबर 2016 मध्ये नॅशनल आणि स्टेट हायवेपासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको असा निकाल दिला, मार्च 2017 मध्ये 20 हजारांपर्यंत लोकवस्ती असेल तिथं ते 220 मीटर केलं, नंतर शहर हद्दीत वगैरे सवलती आल्या, पण उघड्या रानाला त्या आपोआप लागत नाहीत. शिवाय एनए म्हणजे बिगरशेती परवानगी, प्रदूषण मंडळाची संमती, एफएसएसएआयचा अन्नसुरक्षा परवाना (तिथं दारूसाठी 2019 पासून वेगळी मानकं लागू आहेत). आणि आपल्या भागातल्या बायकांनी मतदान करून आडवी बाटली केलेली तुम्ही बघितलीच असेल. गावाच्या मनात नसताना विक्रीचं दुकान चालत नाही, आणि मला विचाराल तर त्यात बायकांचं काही चुकत नाही.

पैशाचं दोनच गोष्टी सांगते. पीएमईजीपी या केंद्राच्या छोट्या उद्योगांच्या योजनेची सबसिडी मिळेल असं मुलगा म्हणतो, नाही मिळणार, नशेच्या पदार्थांचे धंदे त्या योजनेच्या नकारयादीतच आहेत. दुसरं, पिण्याची दारू जीएसटीत येत नाही, तिला राज्याचं उत्पादन शुल्क आणि व्हॅट. म्हणजे मशिनरीवर, माल्टवर तुम्ही जो जीएसटी भराल त्याचं क्रेडिट पुढं वळतं करता येत नाही, तो सरळ खर्चात. कोटेशनवर खाली बारीक अक्षरात "जीएसटी एक्स्ट्रा" लिहिलंय का बघा.

पण सगळ्यात मोठा प्रश्न गिऱ्हाईक कोण हा आहे. पुण्यात डूलाली 2009 ला सुरू झाली, इंडिपेंडन्स 2014 ला, या सगळ्या ब्रुअऱ्यांना हॉटेल चिकटलेलं आहे, शुक्रवार-शनिवार रात्री आयटीतली पोरं येऊन टेबलं भरतात त्यावर चालतं. म्हणजे ब्रुअरी काढणं हा अर्धा हॉटेलचा धंदा, आणि जागा, किचन, स्टाफ, मशिनरी धरून आकडा कोटीत जातो. स्वस्तातली बाटली मिळत असताना महाग ताजी बिअर पिणारा माणूस पलूस-कुंडल रोडवर रोज किती येणार? वाईनचं उदाहरण तर तुमच्या दारातच आहे. 2001 च्या धोरणानंतर पलूसला कृष्णा व्हॅली वाईन पार्क झालं आणि तिकडं नाशिकला विंचूरला. द्राक्ष दोन्हीकडे, सरकार एकच, पण नाशिकला मुंबईचा टुरिस्ट गाडी काढून जातो, त्या मानानं पलूसचं काय झालं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त सांगाल.

मग सातारा-सांगलीत काहीच नाही का? आहे की. एक तर महाबळेश्वर-पाचगणी, तिथं टुरिस्ट आहे, स्ट्रॉबेरी आहे, आणि 2022 ला मधाचं गाव म्हणून जाहीर झालेलं मांघर तिथंच आहे. मधापासून जी आंबवतात ती मीड पुण्यात मूनशाइनवाले बनवतात, नाशिकला सेराना आहे. मुलानं दोन-तीन वर्षं काम शिकल्यावर स्ट्रॉबेरी आणि मध घेऊन काहीतरी डोक्यात आणलं तर मला ऐकायला आवडेल. पण तेव्हा, आत्ता नाही.

आता माळेचं. मुलगा पीत नाही असं तुम्ही लिहिलंय, चांगलंच आहे, बिअरला कायद्यानं 21 वर्षं लागतात ती त्याची झालीत, पण चाखल्याशिवाय हे काम होत नाही हे त्याला आणि तुम्हाला दोघांना माहिती पाहिजे. लोण्यासारखा वास आला तर यीस्टचं काम अर्धवट राहिलंय, उकडलेल्या मक्यासारखा आला तर उकळी कमी पडलीय, ओल्या पुठ्ठ्यासारखा आला तर हवा लागलीय, हे जिभेनं आणि नाकानंच कळतं. घोट दोन घोट, रोज, कामाचा भाग म्हणून. या धंद्यात पिण्याची सवय लागलेले लोक असतात हे पण मी लपवणार नाही, चाखणं आणि पिणं वेगळं ठेवणारा हेड ब्रुअर त्याला पहिल्या नोकरीत मिळाला तर बरं, इंटरव्ह्यूला गेल्यावर तेवढं त्यानं डोळे उघडे ठेवून बघावं.

लोकांना काय सांगायचं, तर आहे ते सांगा, फूड कंपनीत आहे म्हणाल तर स्थळ बघायला आलेले लोक चार दिवसांत शोधून काढतात. आणि तुमच्या मनाला पटत नसेल तर पुढंमागं जामीनदार म्हणून सही करू नका, भागीदार होऊ नका. मुलाच्या नोकरीला आशीर्वाद देणं आणि स्वतःची जमीन दारूच्या धंद्याला तारण ठेवणं यात फरक आहे, वडील म्हणून तुम्हाला पहिलं करून दुसरं नाकारता येतं, आणि मुलगा शहाणा दिसतो, त्याला ते कळेल.

तेव्हा महिनाअखेरचं टोकन देऊ नका, ऑफर संपते वगैरे काही नसतं, मशीन विकायला तो पुढच्या एक्स्पोतही उभाच असेल. मुलाला म्हणावं डेअरीत प्लँटची शिफ्ट माग, एक दिवस सुट्टी काढून मांजरीला जाऊन ये, आणि पुण्यातल्या ब्रुअऱ्यांना असिस्टंट ब्रुअर किंवा सेलरच्या, म्हणजे टाक्या सांभाळायच्या कामासाठी बायोडेटा पाठव. बायोडेटात सीआयपी आणि प्लेटिंग वरच्या ओळीत लिहायचं, शाळेतली बक्षिसं नको. पाठवायच्या आधी मला दाखवला तर मी दुरुस्त करून देते.