खाडीवर गरवण्यासाठी रॉड घरीच बांधता येतो का? त्याला यंत्र लागते का आणि तो स्वस्त पडतो का?

जिताडा आणि तांबोशी हे मासे गरवण्यासाठी, म्हणजे गळाने पकडण्यासाठी, सात फुटांचा स्पिनिंग रॉड घरी बांधता येईल का, त्यासाठी यंत्र घ्यावे लागेल का आणि तयार रॉडपेक्षा तो स्वस्त पडेल का, असे तुम्ही विचारले आहे. बांधता येतो, यंत्र लागत नाही, पण स्वस्त मात्र पडत नाही. कारखाना कड्या (ज्यांतून गळाची दोरी जाते त्या रिंगा), रील सीट (रील बसवायचा भाग) आणि दोरा घाऊक भावाने घेतो, तोच माल आपण सुटा घेतो. शिवाय चांगले ब्लँक, म्हणजे रॉडच्या मूळ नळ्या, बहुतांशी परदेशातून येत असल्यामुळे त्यांवर सीमाशुल्क आणि लांब नळीचे वाहतूकभाडे चढते. तेव्हा हेतू केवळ पैसे वाचवण्याचा असेल, तर एक बरा तयार रॉड घ्यावा हेच उत्तम. स्वतः बांधण्याचे खरे कारण वेगळे आहे. मूठ तुमच्या हाताच्या मापाची होते आणि कड्या तुमच्या रीलला व त्या विशिष्ट ब्लँकच्या वाकाला जुळवून बसवता येतात. कारखान्यात एका नमुन्याचे सगळे रॉड एकाच तक्त्याप्रमाणे बांधले जातात. वाक पाहून कडी अर्धा इंच पुढे सरकवायला तिथे कोणाला सवड नसते.

ब्लँक म्हणजे कड्या आणि मूठ नसलेली, बुडाकडून शेंड्याकडे निमुळती होत जाणारी नळी. कार्बनचा ब्लँक हलका असतो आणि माशाची चाहूल हाताला लवकर देतो. फायबर ग्लासचा जड असतो, पण खडकावर आपटला तरी तग धरतो. तांबोशी गळाला लागली की थेट कांदळवनाच्या मुळांकडे धाव घेते आणि तिला पहिल्या दोन-तीन सेकंदांतच अडवावे लागते, म्हणून शेंडा कितीही नाजूक असला तरी बुडात जोर असलेला, साधारण 10 ते 30 ग्रॅमचे आमिष फेकता येईल असा ब्लँक निवडावा. दोन तुकड्यांचा घेतला तर एसटीतून नेता येतो. ब्लँकला एक ताठ बाजू असते आणि कड्या तिच्याच हिशेबाने बसवाव्यात असे पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळेल. माझ्या मते त्या ताठ बाजूपेक्षा ब्लँकचा सरळपणा महत्त्वाचा आहे. ब्लँक टेबलावर हळूहळू लोळवून आणि एक डोळा मिटून त्याच्या लांबीवरून नजर टाकून किंचित बाक कुठे आहे ते पाहावे, आणि तो बाक कड्यांच्या रेषेत येईल अशी बाजू निवडावी. म्हणजे रॉड डावी-उजवीकडे वाकडा दिसत नाही.

आता कड्यांच्या जागांविषयी, कारण माझ्या अनुभवात रॉड चांगला की सामान्य हे इथेच ठरते. शेंड्याची कडी सोडून, रॉड जितके फूट लांब तितक्या कड्या आणि वर एक, हा जुना आडाखा सुरुवातीला पुरेसा आहे. म्हणजे सात फुटांच्या रॉडला आठ. स्पिनिंग रीलमधून दोरी मोठमोठी वेटोळी घेत बाहेर पडते. पहिल्या उंच, रुंद कडीपासून पुढे ती वेटोळी टप्प्याटप्प्याने आवळली गेली पाहिजेत. ती पूर्ण आवळणारी कडी रीलच्या स्पूलपासून (दोरी गुंडाळलेल्या फिरकीपासून) स्पूलच्या व्यासाच्या 27 पट अंतरावर ठेवावी, असा एक हिशेब रॉड बांधणाऱ्यांत रूढ आहे. स्पूल 45 मिलिमीटरचा असेल तर हे अंतर सुमारे 1.2 मीटर येते. तिथून शेंड्यापर्यंत सगळ्या कड्या एकाच लहान मापाच्या आणि हलक्या घ्याव्यात, कारण शेंड्याकडचे वजन वाढले की फेक मंदावते.

हा हिशेब झाला कागदावरचा. खरी परीक्षा वजन लावून घ्यायची असते. सायकलच्या जुन्या ट्यूबच्या बारीक चकत्या कापून त्यांनी कड्या ब्लँकवर तात्पुरत्या अडकवाव्यात, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) सगळ्या कड्यांतून ओवून त्याच्या टोकाला रिकामी बाटली बांधावी, बूड आडवे पक्के धरायला कोणालातरी सांगावे आणि बाटलीत थोडे थोडे पाणी ओतत जावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे वेगळा काटा लागत नाही. वाकलेल्या ब्लँकच्या कडेने तंगूस जवळजवळ समांतर गेले पाहिजे. दोन कड्यांच्या मध्ये ते वाक सोडून सरळ तिरके धावत असेल किंवा एखाद्या कडीपाशी कोन करत असेल, तर त्या कडीची जागा चुकली आहे. ती सरकवावी, आणि तरीही कोन राहिला तर तिथे एक कडी वाढवावी. हे काम घाईने उरकू नये. जागा निश्चित झाल्या की पांढऱ्या पेन्सिलीने खुणा कराव्यात.

मुठीचे काम त्यामानाने सोपे आहे. सगळे भाग शेंड्याकडून ओवत बुडाकडे न्यायचे असल्यामुळे मूठ आणि रील सीट कड्यांच्या आधी बसवावी लागते. रील सीटचे भोक ब्लँकपेक्षा मोठे असते, ती पोकळी मास्किंग टेपच्या अरुंद वेढ्यांनी भरावी, पण वेढ्यांमध्ये फटी ठेवाव्यात, म्हणजे तिथे इपॉक्सी थेट ब्लँकला धरते. पाच मिनिटांत घट्ट होणारा इपॉक्सी इथे वापरू नये. सावकाश सुकणारा अधिक मजबूत बसतो आणि रील सीट कड्यांच्या रेषेत फिरवून घ्यायला वेळही मिळतो. कॉर्कची मूठ दिसते देखणी, पण खाऱ्या पाण्यात, माशामुळे बुळबुळीत झालेल्या हातांनी वापरायला मला इव्हीए फोमच बरा वाटतो.

कड्या ब्लँकवर दोरा गुंडाळून बांधतात आणि त्या दोऱ्यावर इपॉक्सीचा लेप देतात. दोरा गुंडाळायला जी यंत्रे विकतात त्यांचे काम पुठ्ठ्याच्या खोक्याने भागते. खोक्याच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना खाचा पाडाव्यात, त्यांत ब्लँक ठेवावा आणि दोऱ्याचे रीळ कपात ठेवून दोरा एका जाडजूड पुस्तकाच्या पानांमधून ओढून घ्यावा. पुस्तकावर आणखी वजन ठेवले की ताण वाढतो. त्याआधी कडीचे पाय कानशीने घासून टोकाला पात्याइतके पातळ करावेत, नाहीतर दोरा ब्लँकवरून पायावर चढताना उडी मारतो आणि तिथे फट राहते. पायाच्या खालची धारही गुळगुळीत करावी, कारण ती ब्लँकला चरे पाडते. पहिले काही वेढे दोऱ्याच्या मोकळ्या टोकावरूनच घ्यावेत. शेवटचे पाच-सहा वेढे उरले की दुमडलेल्या दोऱ्याचा एक फासा त्यांच्याखाली ठेवावा आणि कापलेले टोक त्या फाशातून ओढून घ्यावे; गाठ कुठेच मारायची नाही. ताण इतकाच असावा की वेढे पूर्ण झाल्यावरही कडी अंगठ्याने किंचित हलवून रेषेत आणता येईल. शिंप्याचा साधा दोरा घेऊ नये, त्याचे बारीक तंतू लेपातून वर येतात. रॉडसाठीचा बारीक नायलॉन दोराच घ्यावा, आणि लेपाखाली त्याचा रंग गडद होतो हे लक्षात ठेवून रंग निवडावा.

लेपाचा इपॉक्सी दोन भागांचा असतो आणि तो सम प्रमाणात, आकारमानाने मोजायचा असतो. दोन्ही भागांची घनता वेगळी असल्यामुळे वजनाने मोजला तर प्रमाण चुकते. औषधाच्या दुकानातल्या सिरिंजच्या रबरी दट्ट्याला बहुधा सिलिकॉनचे वंगण असते आणि त्यामुळे लेपात बारीक खड्डे पडतात, म्हणून रबर नसलेल्या सिरिंज शोधाव्यात. मिश्रण सावकाश ढवळून ॲल्युमिनियमच्या कागदावर पसरवले की बुडबुडे आपोआप फुटतात. लेप लावल्यावर तो एका बाजूला ओघळू नये म्हणून रॉड काही तास फिरत राहिला पाहिजे. मायक्रोवेव्हच्या तबकडीची मोटर मिनिटाला पाच-सहा फेरे घेते, ती या कामाला नेमकी पडते. नसल्यास लेप आळेपर्यंत दर काही मिनिटांनी पाव फेरा हाताने द्यावा. कोकणात मात्र हे काम जून ते सप्टेंबर टाळावे, कारण दमट हवेत लेपावर धुरकट, चिकट साय येते. दिवाळीनंतरची कोरडी हवा सर्वांत चांगली.

इपॉक्सी सतत त्वचेला लागत राहिल्यास ॲलर्जी जडू शकते आणि मग ती सहसा जात नाही, म्हणून हातमोजे घालावेत. कार्बन घासताना किंवा कापताना मास्क लावावा. कार्बन विजेचा वाहक आहे, त्यामुळे खाडीवरून जाणाऱ्या विजेच्या तारांखाली आणि वळवाच्या गडगडाटात असा रॉड हातात धरू नये. शेंड्याची कडी इपॉक्सीने न चिकटवता उष्णतेने वितळणाऱ्या गोंदाने चिकटवावी, म्हणजे आतली रिंग फुटल्यास ती बदलता येते. रिंगला तडा गेला आहे का हे कळण्यासाठी कापसाचा बोळा आतून फिरवावा. तडा असेल तिथे तंतू अडकतात.

ब्लँक मागवण्याआधी घरातल्या एखाद्या जुन्या रॉडची सैल झालेली कडी काढून पुन्हा बांधून पाहा. जुना दोरा कापताना पाते कडीच्या धातूच्या पायावरूनच चालवावे, ब्लँकवर अजिबात टेकवू नये. एवढ्याशा कामाला दोऱ्याचे एक रीळ आणि लेपाचा छोटा संच पुरतो, आणि उरलेला दोरा व लेप पुढे नव्या रॉडला वापरता येतो.