पोस्टग्रेसमध्ये नुसतं स्टेटस बदललं तरी सोबतची पीडीएफ पुन्हा लिहिली जाते का?

तुमच्या पोस्टग्रेस डेटाबेसच्या टेबलात 'बाइट-ए' (फाइलसारखा बायनरी डेटा ठेवणाऱ्या) कॉलममध्ये एक-दोन एमबीच्या पीडीएफ आहेत, रोज बदलतं ते फक्त स्टेटस, तरी डेटाबेस फुगत चाललाय. म्हणून दर अपडेटला अख्खी फाइल नव्याने लिहिली जाते का, असं तुम्ही विचारलंय.

पोस्टग्रेसला त्याची गरज नसते. त्याचं एक पान ८ केबीचं असतं आणि एक रो दोन पानांवर पसरू शकत नाही. म्हणून रो साधारण २ केबीच्या वर गेली की ते मोठी व्हॅल्यू आधी कॉम्प्रेस करून बघतं, आणि तरीही भागलं नाही तर तुकडे करून वेगळ्या टोस्ट टेबलात (मोठ्या व्हॅल्यूंसाठी पोस्टग्रेस स्वतःच ठेवतं त्या टेबलात) टाकतं. मूळ रोमध्ये उरतो १८ बाइटचा पॉइंटर, म्हणजे ते तुकडे कुठे आहेत त्याचा पत्ता. ते टोस्ट टेबल एकदा उघडून बघाच: चंक_आयडी, चंक_सीक्, चंक_डेटा असे तीनच कॉलम, आणि शेवटचा सोडून प्रत्येक तुकडा १९९६ बाइटचा. कॉम्प्रेस न झालेली १ एमबीची पीडीएफ म्हणजे तिथल्या ५२६ रो.

स्टेटस बदललं की मूळ रोची नवी प्रत तयार होते, पण तिच्यात पॉइंटर जुनाच येतो. तुकड्यांना हात लागत नाही.

मग फुगतंय कशानं? माझा दाट संशय ओआरएमवर, म्हणजे कोडमधल्या ऑब्जेक्टवरून डेटाबेसच्या क्वेरी बनवणाऱ्या लायब्ररीवर आहे. जँगोचं साधं सेव्ह() असो की हायबरनेट, वेगळं सांगितलं नाही तर अपडेटमध्ये सगळे कॉलम पाठवतात. पीडीएफ तीच असली तरी पोस्टग्रेससाठी ती बाहेरून आलेली नवी व्हॅल्यू. जुनीशी ताडून न बघता ते सगळे तुकडे पुन्हा लिहितं आणि जुने व्हॅक्युम (नको असलेल्या जुन्या प्रतींची साफसफाई) होईपर्यंत पडून राहतात. लॉगमध्ये प्रत्यक्ष गेलेली क्वेरी बघा. त्यात पीडीएफचा कॉलम दिसला, तर जँगोत अपडेट_फील्ड्स किंवा हायबरनेटमध्ये डायनॅमिकअपडेट लावा.

फाइलच्या मधले चार बाइट बदलायचे असतील तर मात्र बाइट-एमध्ये सुटका नाही, पूर्ण व्हॅल्यू नव्याने लिहिली जाते. तिथे लार्ज ऑब्जेक्ट (पोस्टग्रेसची टेबलाबाहेर फाइल ठेवायची वेगळी सोय) बरे, त्यात बदललेले २ केबीचे तुकडेच लिहिले जातात. पण रो डिलीट केली म्हणून ऑब्जेक्ट जात नाही, असे मागे उरलेले ऑब्जेक्ट काढणारं व्हॅक्युमएलओ हे टूल चालवावं लागतं. तुमच्या कामासाठी त्या फंदात पडू नका.

आत्तापर्यंत फुगलेली जागा साध्या व्हॅक्युमनंतर पुन्हा वापरली जाते, पण डिस्कला सहसा परत मिळत नाही. त्यासाठी अख्खं टेबल नव्याने लिहिणारं व्हॅक्युम फुल लागेल. तेवढा वेळ टेबल पूर्ण लॉक राहतं आणि नव्या प्रतीपुरती मोकळी डिस्कही हवी, त्यामुळे ते वापर कमी असताना करा.