बर्फाच्या हंगामात नोकरी: वाचकांचे प्रश्न

नोकरीतून काही महिने बाजूला होऊन बर्फातल्या हॉटेलात किंवा स्कीच्या दुकानात एक हंगाम काम करावं का, असं विचारणारी बरीच पत्रं या वेळी आली. सारख्या प्रश्नांना एकत्र उत्तर दिलं आहे.

प्रश्न : वय २७, नागपूरला खासगी कंपनीत नोकरी. घरी वरूड तालुक्यात चार एकर संत्रा आहे, बाबा एकटेच पाहतात. गुलमर्गच्या एका हॉटेलात तीन महिन्यांचं काम मिळतंय. रजा घ्यावी की राजीनामा द्यावा? निघावं कधी?

आधी बागेचं बघा. गुलमर्गचा हंगाम साधारण डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि मार्चपर्यंत चालतो. तुमच्याकडे आंबिया बहार, म्हणजे हिवाळ्याअखेरीस फुलणारा, असेल तर डिसेंबरच्या मध्यापर्यंत बहुतेक माल उतरलेला असतो आणि झाडं ताणावर, म्हणजे पाणी तोडलेली, असतात. निघायला वेळ बरी. पण जानेवारीत ताण तोडायचं पाणी आणि सोबतची खतं वेळेवर गेली नाहीत तर पुढचा बहारच बिघडतो. ते काम बाबांना एकट्यानं झेपेल का, की रोजाचा माणूस आत्ताच सांगून ठेवावा लागेल, हे निघण्याआधी ठरवा. मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणारा, धरला असेल तर माल फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. नेमक्या सौद्याच्या वेळी तुम्ही तिकडे असाल, म्हणून त्या वर्षी जाऊ नका असंच आम्ही सांगू.

नोकरीत पहिला प्रयत्न बिनपगारी रजेचा करा. मंजुरीच्या पत्रात तीन गोष्टी लिहून घ्या : परत रुजू होण्याची तारीख, सेवा सलग धरली जाईल का, आणि कंपनीचा आरोग्य विमा या काळात चालू राहील का. तुमचं नेमणूकपत्रही काढून वाचा. दुसरीकडे पगारी काम न करण्याची अट त्यात बहुतेक वेळा असते, मग रजेवर असतानाही लेखी परवानगी लागते. रजा मिळालीच नाही आणि राजीनामा द्यायची वेळ आली, तर ग्रॅच्युइटीची सलग पाच वर्षं भरायला किती महिने उरलेत ते मोजा. थोडेच उरले असतील तर पुढच्या हिवाळ्यात जा. पीएफ काढू नका. पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो. खातं तसंच ठेवलं तर नव्या नोकरीत वर्ग करता येतं.

हॉटेलवाल्याशी फोनवर ठरलेलं सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून मागवा : पगार आणि तो कोणत्या तारखेला, दोन वेळचं जेवण, आठवड्याची सुट्टी, सर्व्हिस चार्ज व टिपची वाटणी, खोलीत किती जण, खोली तापवायची सोय कशावर, वीज गेल्यावर जनरेटर कामगारांच्या खोल्यांना आहे की फक्त पाहुण्यांच्या. शेवटचा प्रश्न विचारायला पुष्कळ जण संकोचतात, पण उणे दहा अंशांच्या रात्री सगळं त्यावरच ठरतं.

बर्फ पडलाच नाही तर पगाराचं काय, हेही आत्ताच विचारा. कोरडवाहू शेतीला पाऊस तसा या धंद्याला बर्फ. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ कोरडे होते, आणि २०२५ मध्ये तिथल्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. बुकिंग रद्द झाली की सगळ्यात आधी हंगामी माणूस घरी पाठवला जातो. म्हणून परतीचं भाडं आणि एका महिन्याचा खर्च वेगळ्या खात्यात ठेवूनच निघा. मूळ प्रमाणपत्रं कोणाच्या ताब्यात देऊ नका, झेरॉक्स द्या.

एक गोष्ट ऐनवेळी अडवते. महाराष्ट्राचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्या, नाहीतर बँकेचा ओटीपीही येणार नाही.

प्रश्न : मुलगा औलीला हॉटेलच्या स्वयंपाकघरात कामाला जातो म्हणतो. आमच्या वणीत स्वेटर जेमतेम दोन महिने लागतो. सोबत काय द्यावं? जीव घाबरतो.

ताई, उत्तराखंडातल्या औलीचे उतार २,५०० ते ३,००० मीटरवर आहेत, चिखलदऱ्याच्या दुपटीहून जास्त उंच. थंडी सोसवते, पण कपड्यांची रीत पाळली तरच.

आपला भाग कापसाचा असला तरी तिथं अंगालगत सुती बनियन नको. स्वयंपाकघरात घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि लवकर वाळत नाही. तशाच ओल्या बनियनवर तो कचरा टाकायला बाहेर गेला की काही मिनिटांत अंग गार पडतं. अंगालगत पॉलिएस्टरचे किंवा लोकरीचे थर्मल द्या, दोन जोड. त्यावर फ्लीसचं जॅकेट, आणि सगळ्यात वर वारा व पाणी अडवणारं जॅकेट. एकच जाडजूड कोट देण्यापेक्षा हे तीन थर बरे, कारण भट्टीजवळ एक काढता येतो आणि बाहेर पडताना चढवता येतो. लोकरी मोजे चार जोड द्या, पण एका वेळी एकच घालायचा. दोन मोजे कोंबले की बूट घट्ट होतो, रक्त नीट फिरत नाही आणि पाय उलट जास्त गार पडतात. बूट बोटं हलतील इतका सैल, तळ खाचांचा. कानटोपी, हातमोज्यांचे दोन जोड, अतिनील किरण अडवणारा काळा चष्मा आणि सनस्क्रीनही द्या. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, त्यानं डोळे आणि हनुवटीखालची कातडीसुद्धा भाजते.

आता तीन गोष्टी त्याला समोर बसवून सांगा.

पहिली, बंद खोलीत कोळशाची शेगडी, कांगडी (निखाऱ्यांचं हातात धरायचं मडकं) किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवून झोपायचं नाही. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतून उठतच नाही. बुखारी, म्हणजे खोली तापवायची पत्र्याची भट्टी, असेल तर तिचा धुराचा पाइप बाहेर मोकळा आहे का ते रोज पाहायचं, बर्फानं तो बुजतो. पहाडात हिवाळ्यात थंडीपेक्षा आम्हाला या गोष्टीची जास्त धास्ती वाटते.

दुसरी, बोटं किंवा कान पांढरे पडून बधिर झाले तर चोळायचं नाही, शेकोटीवरही धरायचं नाही. बधिर कातडीला चटका कळत नाही आणि ती भाजते. ३७ ते ३९ अंशांच्या, म्हणजे कोमट पाण्यात बुडवून ठेवायचं आणि डॉक्टर गाठायचा. मात्र पुन्हा गारठण्याची शक्यता असेल, तर आत पोचेपर्यंत पाण्यात घालायचं नाही. गरम होऊन पुन्हा गोठलेला भाग जास्त खराब होतो.

तिसरी, उंचीची सवय होईपर्यंत पहिले दोन दिवस धावपळ नको, पाणी भरपूर. डोकं दुखून मळमळायला लागलं तर वर चढायचं नाही. त्रास वाढला तर त्याच दिवशी खाली यायचं.

प्रश्न : मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षक आहे, कुरखेडा. असाधारण रजा टाकून एक हंगाम करता येईल का?

रजा मिळू शकेल, पगारी काम करता येणार नाही. वर्तणूक नियमांनुसार पूर्वपरवानगीशिवाय खासगी नोकरी करता येत नाही आणि रजेवर असलात तरी तुम्ही सेवेतच असता. विभागीय चौकशी लागली तर वेतनवाढ आणि निवृत्तिवेतनापर्यंत त्याची झळ जाते. स्की शिकायचं असेल तर मात्र रीतसर रजा काढून जा. मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्थेत १४ दिवसांचा प्राथमिक स्की अभ्यासक्रम असतो. गुलमर्गला केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची संस्था आहे, औलीत गढवाल मंडल विकास निगम शिकवतं.

प्रश्न : आयटीआय फिटर, पुसदला मोटार रिवाइंडिंग आणि सायकल दुरुस्तीचं दुकान. स्की येत नाही. तरी काही काम मिळेल का?

मिळू शकतं. हंगामातली बहुतेक कामं स्की न येणाऱ्यांचीच असतात : खोल्या, भांडी, बर्फ उपसणं, भाड्याच्या साहित्याचं दुकान. तुमच्या हाताला शोभेल ते शेवटचं. गोंडोलाचा, म्हणजे उतारावर नेणाऱ्या केबल कारचा, विचार सोडा. ती जम्मू-काश्मीर केबल कार कॉर्पोरेशन हे सरकारी महामंडळ चालवतं. वाटाडे आणि स्लेजवाले तिथले स्थानिक आहेत, त्या पोटापाण्यावर बाहेरून जाऊन हात टाकू नये.

दुकानात तीन कामं येतात. पहिलं बूट बसवणं. स्कीच्या बुटाचं माप म्हणजे पावलाची सेंटिमीटरमधली लांबी, २६.५ असं. आतलं अस्तर काढून रिकाम्या कवचात पाय घालायला सांगा. बोटं पुढं टेकली की टाचेमागं साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा उरावी. अस्तर घालून सरळ उभं राहिल्यावर बोटं पुढं निसटती लागतात आणि गुडघे वाकवले की मागं सरकतात, तेव्हा माप बरोबर. गिऱ्हाईक नेहमी मोठा बूट मागतं, कारण तो दुकानात आरामाचा वाटतो. उतारावर त्यात पाय हलतो आणि स्की वळत नाही.

दुसरं बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला धरणारी आणि पडल्यावर सोडणारी कळ. ती किती जोरानं सुटावी याचा आकडा स्क्रू फिरवून लावतात. तो वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची मिलिमीटरमधली लांबी आणि स्की करण्याचं कसब यांवरून तक्त्यात पाहून ठरतो. कमी ठेवला तर चालत्यात स्की सुटते, जास्त ठेवला तर पडल्यावर सुटत नाही आणि गुडघ्याचा स्नायुबंध तुटतो. प्रशिक्षित माणसानं शिकवून तपासल्याशिवाय हा स्क्रू फिरवू नका, अंदाजानं तर कधीच नाही. कळ बसत नाही अशी तक्रार आली तर आधी बुटाचा तळ पाहा. तिथं चिकटलेला बर्फ खरवडला की बहुतेक वेळा बसते.

तिसरं मेण आणि कडा. स्कीच्या तळाला गरम इस्त्रीनं मेण लावतात. इस्त्री सतत हलती ठेवायची. मेणातून धूर निघाला तर ती फार तापली आहे, अशानं स्कीचा तळ जळतो. थंड झाल्यावर प्लास्टिकच्या पट्टीनं मेण खरवडून ब्रश मारायचा, कारण वर राहिलेला जाड थर स्कीला घसरू देत नाही. संध्याकाळी पोलादी कडा फडक्यानं कोरड्या करायच्या, रात्रीत गंज धरतो. बुटाची अस्तरं काढून वाळवा, बूट हीटरला टेकवून ठेवू नका, कवचाचा आकार बदलतो.

प्रश्न : अकोल्यातला एक एजंट ऑस्ट्रेलियाच्या स्की रिसॉर्टवर नोकरीची हमी देऊन दोन लाख मागतो. टुरिस्ट व्हिसावर नेतो म्हणतो. खरं असेल का?

पैसे देऊ नका. पर्यटक व्हिसावर तिथं काम करणं बेकायदा आहे. पकडले गेलात तर परत पाठवतात आणि पुढचे व्हिसाही अडतात.

रीतसर वाट वेगळी आहे. ऑस्ट्रेलियानं २०२४ पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा, म्हणजे सबक्लास ४६२, खुला केला. वर्षाला १,००० जागा, वय १८ ते ३०, निवड सोडतीनं. सोडतीच्या नोंदणीला २५ ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, नाव निघालं तरच पुढचा अर्ज आणि मोठं शुल्क. बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, इंग्रजीची परीक्षा आणि खात्यात साधारण ५,००० डॉलर दाखवावे लागतात. नोंदणी त्यांच्या गृह विभागाच्या संकेतस्थळावर स्वतःच करता येते. सोडतीत नाव लावून देणं कोणत्याही एजंटच्या हातात नाही.

तिथला हंगाम जून ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत, म्हणजे थ्रेडबो किंवा पेरिशरला बर्फ असतो तेव्हा आपल्याकडे पेरणी, डवरणी आणि फवारणी. घरचं वावर तुमच्याच भरवशावर असेल तर त्या वर्षी ते ठोक्यानं किंवा बटईनं देण्याचं अक्षय तृतीयेच्या आधी ठरवा.

एजंटमार्फतच परदेशी नोकरी घ्यायची असेल, तर त्याचा परवाना क्रमांक परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासा. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं, तेही पावती देऊन. या माणसाकडे परवान्याची प्रत आणि पावती मागा. टाळाटाळ झाली तर त्याचे निरोप, फोन क्रमांक आणि जाहिरात जपून ठेवा आणि जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या.